खंडूच्या फायलीतला शेरा

खंडू आमच्या पतसंस्थेत शिपाई होता. डिंगोऱ्याचा. सकाळच्या पहिल्या एसटीनं जुन्नरला यायचा आणि आम्ही पोचायच्या आत पायऱ्या झाडून मोकळा व्हायचा. बोलणं कमी, काम लई नेटकं. टेबलाचं फडकं वेगळं, कपाटाचं वेगळं, दोन्ही रोज धुऊन खिडकीच्या गजावर वाळत टाकलेली. असा शिपाई मी तीस वर्षांच्या नोकरीत दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याच नावाला मी बट्टा लावला.

मी तिथं हेडक्लार्क. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. स्वभाव तापट, तोंड आधी सुटतं, डोकं मागनं येतं. २००१ च्या जूनमध्ये संस्थेत कॉम्प्युटर आला आणि तो माझ्या ताब्यात दिला. मग काय विचारता राव माझा रुबाब! चपला बाहेर, खिडकीला पडदा, आणि सीपीयूला माझ्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. खंडूनं फक्त वरून कोरडं फडकं मारायचं.

दसऱ्याला आम्ही ऑफिसातल्या वस्तूंची पूजा करतो. तिजोरी, टाइपरायटर, सोनं तोलायचा काटा, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटर. पूजा मीच केली. सीपीयूच्या मागं पंख्याची जाळी असते. मला वाटलं, वारा इथूनच येतो, म्हणजे ह्याचा जीव इथंच. म्हणून जाळीच्या तारांत झेंडूचं फूल खोवलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर वाहिल्या. खंडू बौद्ध. पूजेला तो हात जोडायचा नाही, पण सगळी मांडामांड त्यानंच केली होती आणि नंतर पेढेही त्यानंच वाटले. पूजा चालू असताना तो दाराशी नुसता उभा होता. मला त्याचं ते उभं राहणं खुपलं. तेव्हा कबूल केलं नसतं, आज करतो.

चार दिवसांनी कॉम्प्युटर घरघरायला लागला. चालू केला की घर्रर्र, मधेच खडखड, मग पुन्हा घर्रर्र. पासबुक भरायला आलेला एक म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, गिरण कधी टाकली? आमचं दळण आणू का?” सगळे हसले. माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांदेखत खंडूला धरलं.

“धूळ नीट पुसत नाहीस, सगळी आत गेली!”

“न्हाई भाऊसाहेब, धूळ न्हाई.”

“मग काय आहे?”

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. चूक त्याची आहे म्हणून गप्प बसला, असं मी धरून चाललो.

आता त्याची अडचण सांगतो. खंडू चार वर्षं तात्पुरता होता. दिवाळीआधीच्या संचालकांच्या सभेत त्याला कायम करायचं ठरलं होतं. पोरगी प्रज्ञा दहावीला होती. कायम झालो की जुन्नरात खोली घेतो आणि पोरीला कॉलेजात घालतो, हे त्यानं आम्हाला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सभेपुढं फाइल जायला हेडक्लार्कचा शेरा लागतो. मी लिहिलं, ‘यंत्रसामग्रीची निगा राखण्यात हयगय करतो.’ एक ओळ. सभेनं ती वाचली. कायम करणं राहिलं बाजूला, सहा महिन्यांची मुदतवाढ दिली आणि बदली निमगाव साव्याला. डिंगोऱ्याहून ते तालुक्याचं दुसरं टोक.

दिवाळी झाल्यावर दुरुस्तीवाला गोरख आला. त्यानं सीपीयू उघडला, आतला पॉवर सप्लायचा डबा खोलला आणि मला बोलावलं. पंख्याच्या पात्यांना लाल तांदूळ चिकटलेले, खाली झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

“पंख्याला जेवाय वाढलं व्हतं का कुणी?” गोरख म्हणाला.

“आणि धूळ?”

“धूळ कुठंय? इतका साफ कॉम्प्युटर मी तालुक्यात बघितला न्हाई.”

त्यानं पाती पुसली, शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं, डबा बंद केला. आवाज गेला. मी मात्र ऑफिसातलं कुणी बघायच्या आत ते तांदूळ कागदात गोळा करून खिशात घातले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. आणि चोर मीच.

रविवारी डिंगोऱ्याला गेलो. त्याच्या बायकोनं, द्रौपदाबाईनं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी खंडूला सगळं सांगितलं. मान वर होत नव्हती माझी.

“ठाऊक हाय मला,” खंडू म्हणाला. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फूल काढलं, तवाच जाळीतनं तांदूळ दिसलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? बोललो असतो तर तुमी म्हणला असता, ह्यो आमच्या पूजेला नावं ठेवतो.”

म्हणालोच असतो. अगदी हेच, ह्याच शब्दांत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चहाची बशी पुढं सरकवून त्यानं विचारलं, “सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं का तुमी हे?”

“अजून नाही.”

“मग मला कशाला सांगता, भाऊसाहेब? मला तर ठाऊकच व्हतं.”

सोमवारी मी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये गेलो. काय बोलायचं ते डिंगोऱ्याहून परतताना एसटीत घोकून ठेवलं होतं. त्यांनी वर बघून विचारलं, “काय भाऊसाहेब?”

“काही नाही,” मी म्हणालो. “कॉम्प्युटरचा आवाज बंद झाला, तेवढं सांगायला आलो.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. खंडू निमगाव साव्याला २००८ पर्यंत राहिला, तात्पुरताच.