रॉकेलच्या डब्यातला हिमालय

आमच्या शेजारच्या पेन्शनर हवालदारांइतका मायाळू माणूस अख्ख्या शुक्रवार पेठेत नाही, असं मी त्या वैशाखापर्यंत सांगत असे. पलटणीतून परतताना त्यांनी हिमालयातून चीड नावाच्या झाडाचं रोप आणलं आणि अंगणात रॉकेलच्या डब्यात वाढवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते त्याच्या सुयांसारख्या पानांवरून हात फिरवायला लावत.

"रावळपिंडीच्या डोंगरापासनं पार भूतानापत्तूर नुसतं हेच झाड की! हितं एकटंच हाय, लई जपाय लागतंय."

उन्हाळाभर त्याला ओल्या गोणपाटाची सावली असे.

त्या वैशाखात त्यांची बायको तापानं फणफणली. डॉक्टरांनी डोक्यावर बर्फ ठेवायला सांगितलं, म्हणून मी बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी घेऊन धावत आलो. हवालदारांनी ती दारातच घेतली आणि पायरीवर आपटून फोडली. लहान तुकडा घरात नेऊन दिला. मोठा मात्र डब्यातल्या मातीवर ठेवून वर गोणपाट झाकलं.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडलोच.

धोतराला हात पुसत ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "ती हितलीच हाय की, मास्तर. तिला ऊन सोसतंय."