शिकारीच्या परवान्यांचा अंदाज

अमेरिकेत मी पहिली नोकरी केली ती एका राज्याच्या वन्यजीव खात्यात. राज्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची माणसं अजून तिथे राहतात. नागपूरहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून मी स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत गेलो, चौघांच्या अपार्टमेंटमध्ये वरणभातावर दोन वर्षं काढली आणि डिग्री घेतली. मग ज्या पहिल्या ऑफिसने माझा व्हिसा करायची तयारी दाखवली, तिथे रुजू झालो. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती.

काम होतं शिकारीच्या परवान्यांचं. परवाने द्यायचे नव्हते. कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किती लोकांनी कोणता परवाना घेतला, त्यांची वयं काय, याचे तक्ते कॉम्प्युटरवर करायचे होते. घरी हे सांगणं अवघड गेलं. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. रोज सकाळी घरात पंचशील म्हटलं जायचं, आणि त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं.

"म्हणजे हरणं मारायचे परवाने देता तुम्ही," बाबा फोनवर म्हणाले.

"मी फक्त मोजतो, बाबा."

"बरं," ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांची सगळी नापसंती होती. आमच्याकडे रविवारी मटण व्हायचं, त्यामुळे त्यांच्या किंवा माझ्या अवघडलेपणाला फारसा अर्थ नव्हता. पण अवघडलेपणा होताच.

पहिल्या नोव्हेंबरमध्ये, शिकारीच्या हंगामात, साहेबांनी मला तीन तासांवरच्या एका नाक्यावर पाठवलं. शिकाऱ्यांनी मारलेलं हरीण या नाक्यावर आणून दाखवायचं, तिथे त्याचं वजन आणि वय लिहून घेतलं जायचं. तिथून येणाऱ्या फॉर्मवरचं अक्षर आम्हाला लागत नव्हतं. मी पोचलो तेव्हा लाकडी इमारतीपासून रस्त्याच्या वळणापर्यंत पिकअप ट्रकची रांग लागली होती. केशरी जॅकेटं घातलेले बाप, त्यांची मुलं, आणि ट्रकच्या मागे पडलेली हरणं. पहिल्या ट्रकमध्ये डोकावलो आणि मागे फिरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

नाक्याचे प्रमुख पंचावन्नच्या आसपासचे होते. ते कॉफीचा कप घेऊन माझ्याजवळ आले. हसले नाहीत.

"बघायलाच पाहिजे असं काही नाही," ते म्हणाले. "आत टेबलाशी बस. मी सांगतो ते लिहून घे. तुझं अक्षर तरी वाचता येईल त्यांना."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मी मात्र मनातल्या मनात त्यांना पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच करत आलो. दिवसभर ते बाहेरून ओरडून सांगत होते, "मादी, अडीच वर्षं," आणि मी लिहीत होतो. दात बघून ते वय ओळखायचे. येणाऱ्या प्रत्येकाला ते नावानिशी ओळखत होते. कुणाच्या मुलाचा हात मोडला होता, कुणाच्या शेतात हरणं मका खातात, सगळं विचारायचे. वीसहून जास्त वर्षं ते एकाच नाक्यावर होते. उरलेलं वर्षभर ते तिथूनच जंगल बघायचे, ओढ्यांचं पाणी तपासायचे, आजारी प्राण्यांचे नमुने गोळा करायचे.

त्यांच्यामुळे मला कळलं की हा सगळा पसारा सरकारी करावर चालत नाही. जंगलाची राखण, पक्ष्यांची मोजणी, त्यांचा स्वतःचा पगार, आणि माझाही, जवळजवळ सगळा परवान्यांच्या फीमधून येतो. जे हरीण मारायला येतात तेच हरणांचं जंगल जपायला पैसे देतात. ही गोष्ट मी बाबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते पुन्हा "बरं" म्हणाले, पण या वेळी जरा वेगळ्या सुरात.

पुढे मी लग्न करून बायकोला घेऊन आलो. ती त्यांना हरणकाका म्हणायला लागली आणि आमच्या घरात तेच नाव पडलं. एकदा त्यांनी हरणाचं मांस पाठवलं, तिने त्याचा नागपुरी तिखट रस्सा केला आणि त्यांना व त्यांच्या पत्नीला जेवायला बोलावलं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते दुसऱ्यांदा वाढून घेत होते. त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ही नोकरी गेली तर तुझं काय होतं?"

"व्हिसा जातो. परत जावं लागतं," मी म्हणालो. ग्रीन कार्डची फाइल नुकतीच पुढे सरकायला लागली होती.

माझ्या चौथ्या वर्षी खात्याने फी वाढवायचं ठरवलं. नियमही बदलणार होते. तोवर लहान मुलं बापाच्या परवान्यावर जात. आता प्रत्येक मुलाला वेगळा परवाना आणि त्याआधी शहरात येऊन दोन शनिवारांचा सुरक्षिततेचा वर्ग. उत्पन्न किती वाढेल याचा अंदाज एका पानात लिहून द्यायचं काम साहेबांनी मला दिलं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं.

मी हरणकाकांना फोन केला. लोक परवाने घ्यायचं सोडतील का, असं विचारलं.

"रागावून कुणी सोडणार नाही," ते म्हणाले. "बाप म्हणेल, या वर्षी राहू दे, पोरांना पुढच्या वर्षी नेऊ. पण एकदा नोव्हेंबर चुकला की पोराला दुसरं काहीतरी सापडतं. मग बापसुद्धा एकटा येत नाही."

आठवड्याने त्यांचं पत्र आलं. हाताने लिहिलेली दोन पानं. ते स्वतः घरोघर जाऊन विचारून आले होते. कोणतं कुटुंब मुलांना थांबवणार, कोण दोन मुलांपैकी एकालाच नेणार, सगळं त्यांच्या त्या न लागणाऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते नीट वाचलं. पण ती एका भागातली थोडी कुटुंबं होती, आणि माझ्या तक्त्यात त्यांना घालायला रकाना नव्हता. पूर्वी फी वाढली तेव्हा फार लोक गेले नव्हते, हे माझ्याकडे कॉम्प्युटरवर होतं. मला हुशार दिसायचं होतं, हेही खरं. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि उत्पन्न चांगलं वाढेल असं स्वच्छ शब्दांत लिहून दिलं. कुठेही शंका दाखवली नाही. साहेबांना त्या पत्राबद्दल बोललोही नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली.

नवीन नियम लागू झाले त्या नोव्हेंबरमध्ये मी नाक्यावर गेलो. दारासमोर तीन ट्रक उभे होते. हरणकाका हातात फॉर्म लावलेला बोर्ड घेऊन पायरीवर बसले होते. एक म्हातारा शिकारी एकटाच आला. काकांनी त्याला विचारलं, "मुलं कुठायत?"

"घरी. वर्गाला जायला जमलं नाही त्यांना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हरणाचं तोंड उघडलं, वय सांगितलं, मी लिहून घेतलं. दुपारनंतर लिहायला काहीच उरलं नाही. आम्ही दोघं हिवाळ्याबद्दल बोलत बसलो.

दुसऱ्या वर्षी शिकारी आणखी कमी झाले. फी जास्त आणि घेणारे इतके थोडे, की खात्याकडे पूर्वीपेक्षा कमी पैसे यायला लागले. माझ्या पानावर भरवसा ठेवून नवीन कामं सुरू केलेली होती, ती अर्धवट राहिली. मग मुख्य ऑफिसात मीटिंग बोलावली गेली. सगळ्या नाक्यांचे प्रमुख आले होते. हरणकाका माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते.

खात्याच्या डायरेक्टरांनी शांतपणे विचारलं, "हे असं होईल, असं आपल्याला आधी कुणी सांगितलं होतं का? नाक्यांवरून काही आलं होतं का?"

साहेब म्हणाले, "नाही. आमच्याकडे तसं काहीच आलं नाही." त्यांच्या दृष्टीने ते खरं होतं.

डायरेक्टर नाक्यांच्या प्रमुखांकडे वळले. "तुमचं तर रोजचं येणं-जाणं या लोकांशी. तुम्हाला कुणालाच कळलं नाही?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. ते पत्र त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. दोन मिनिटांत आणता आलं असतं. बायको सहा महिन्यांची गरोदर होती आणि ग्रीन कार्डची फाइल शेवटच्या टप्प्यावर होती. मी मान वर केली तेव्हा हरणकाका माझ्याकडेच बघत होते. वाट बघत असावेत. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि तेही काही बोलले नाहीत. डायरेक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विषयावर गेले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. ते कोट चढवत होते. "हायवेवर बर्फ आहे म्हणतात," ते म्हणाले. "निघतो मी."

महिन्याभरात नाके बंद करायची यादी निघाली. त्यांचा नाका तिच्यात होता. त्यांना मुख्य ऑफिसात टेबलावरची नोकरी देऊ केली होती, पण त्यांच्या पत्नीला तेव्हा चालणं कठीण झालं होतं आणि घर सोडून येणं शक्य नव्हतं. त्यांनी ठरल्याआधीच निवृत्ती घेतली.

त्या रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं.

"तू आजवर पहिल्या शिलाची काळजी करत होतास," ते म्हणाले. "खोटं न बोलण्याचं चौथं आहे."

"मी खोटं बोललो नाही, बाबा. मी बोललोच नाही."

"हो," ते म्हणाले. "आईला देतो फोन."

नाका बंद झाला त्या दिवशी कागदपत्रं आणायला मलाच पाठवलं. हरणकाकांनी सगळं बांधून ठेवलं होतं. वय तपासायला जपून ठेवलेले हरणांचे वीस-पंचवीस वर्षांचे जबडे वर्षावार खोक्यांमध्ये, प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मात्र त्यांनी या वेळी मुद्दाम मोठं आणि सुटं काढलेलं होतं. आम्ही खोके व्हॅनमध्ये चढवत होतो.

"ते पत्र," मी सुरुवात केली.

"हा खोका जड आहे," ते म्हणाले. "खालून धर."

मी खालून धरला. त्यानंतर पुन्हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली, सही घेतली, आणि ट्रकमध्ये बसून गेले.

मुलगी झाली. ग्रीन कार्ड आलं. खात्याने मुलांसाठीची फी पुन्हा कमी केली, वर्गाचा नियमही सैल केला, पण जी पोरं एकदा थांबली ती फारशी परत आली नाहीत. असं का झालं याचे तक्ते मीच बनवत होतो. माझी नोकरी त्यामुळेच टिकली होती. अखेर मला टेक्सासमध्ये काम मिळालं आणि आम्ही शुगर लँडला जायचं ठरवलं. जाण्याआधी हरणकाकांना भेटून यायला बायकोने लावलं. माझ्या मनाने मी गेलो नसतो.

आम्ही पोचलो तेव्हा घरी त्यांच्या पत्नी खुर्चीत बसल्या होत्या. मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं. म्हणाल्या, ते शेजारच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात असतात, आठवड्यातले चार दिवस. मी बायकोला आणि मुलीला तिथेच ठेवून दुकानात गेलो. हरणकाका रंगाच्या काउंटरमागे उभे होते, लाल एप्रन घालून. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. मुलीची चौकशी केली, टेक्सासच्या उन्हाबद्दल सावध केलं. गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं,

"मीटिंगमध्ये तुम्ही का नाही बोललात?"

ते डब्याचं झाकण बसवत होते. "तुझी बायको बाळंत व्हायची होती."

"मी ते पत्र दाखवलं असतं तर नाका राहिला असता का?"

"माहीत नाही. फी वाढवायचं त्यांच्या मनात होतंच." मग म्हणाले, "मुलांचा नियम कदाचित बदलला नसता. माहीत नाही."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला तेव्हा उभं राहायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. समजूत घालणंही नव्हतं. मी आणखी काहीतरी ऐकू येईल म्हणून उभा राहिलो, पण एक बाई भिंतीच्या रंगाचा तुकडा घेऊन आली आणि ते तिला खोली किती मोठी आहे ते विचारायला लागले. निघताना त्यांनी काउंटरवरून हात पुढे केला, माझा हात दाबला, आणि कोणत्या हायवेवर काम चालू आहे, कुठून वळसा घ्यायचा, ते सांगितलं.

परतताना गाडीत बायकोने विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"मग?"

"हो म्हणाले."

मागच्या सीटवर मुलगी झोपली होती.

शुगर लँडला आल्यावर दरवर्षी ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं, दोघांच्या सहीचं. तिसऱ्या वर्षी फक्त पत्नीची सही होती. आत चार ओळी होत्या. उन्हाळ्यात अंगणात काम करताना त्यांना झटका आला, त्यातच ते गेले, फार त्रास झाला नाही, आणि आमची मुलगी किती मोठी झाली ते कळवा, असं लिहिलं होतं. मी ते कार्ड स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून वाचलं, पुन्हा वाचलं. फोन उचलून त्यांच्या घरचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. मग मुलीला डे-केअरमधून आणायची वेळ झाली, म्हणून निघालो.