घंटा दाबली, कोणी आले नाही

नखाएवढ्या जागेत चित्र काढायचे आणि त्यात जीव ओतायचा, हे ज्यांचे काम, त्यांना कचेरीत सगळे नखभरताई म्हणत. अ‍ॅपमधले आयकॉन त्या काढत. भिंग, घर, घंटा, दातेरी चाक. चित्रे इवलीशी, पण एकेका रेघेसाठी ताई खुर्चीला खिळून बसत. रेघ जाड झाली की मन खट्टू, गोलाई जमली की स्वारी खूश. रस्त्याने जातानाही त्यांचे डोळे भुकेल्या पाखरांसारखे. जिथे आकार दिसेल तिथे उतरणार.

शस्त्रक्रियेनंतर माणसे सावरतात अशा एका शुश्रूषागृहासाठी त्यांच्या कंपनीने अ‍ॅप केले. खाटेशेजारी स्क्रीन, स्क्रीनवर ताईंची चित्रे, चित्रांखाली मात्र एक अक्षर नाही. शब्द आले की गर्दी होते, असे साहेबांचे मत, आणि ताईंचेही. चित्र स्वतः बोलते, त्याला दुभाषा कशाला, हा त्यांचा लाडका अभिमान. तूर्त एकाच मजल्यावर चाचणी होती. सोमवारपासून सगळ्या मजल्यांवर हेच येणार होते.

त्या मजल्यावर ताईंचे मामा होते, गुडघा बदललेले. मामा इतके बोलघेवडे की भिंतीलाही गप्पांत ओढतील. पण त्या दिवशी ताई भेटायला गेल्या, तर मामा गप्प.

"काय मामा, जिभेचंही ऑपरेशन झालं का?"

"अगं, मीच फार बोलतो बहुतेक. नर्सबाई कंटाळल्यात मला. ही घंटा किती वेळा दाबली, कोणी फिरकत नाही. काल तहानेनं तसाच पडून राहिलो. आता दाबतच नाही. कशाला कोणाला त्रास?"

ताई स्क्रीनकडे वळल्या. "दाबून दाखवा बरं."

मामांनी घंटेवर बोट ठेवले. स्क्रीनवर सूचना उघडली : व्यायामाची वेळ बदलली आहे.

"बघ. मी पाणी मागतोय आणि ते म्हणतायत, व्यायाम कर."

ताईंच्या जगात घंटा म्हणजे नवी सूचना. खाटेवर पडलेल्या माणसाच्या जगात घंटा म्हणजे कोणीतरी धावत येणार. नर्सला बोलवण्यासाठी ताईंनी वर केलेला हात काढला होता. तो पाहून मामा समजले होते, थांबा.

ताई खजील झाल्या, पण खजीलपणापेक्षा त्यांचे कुतूहल मोठे. परवानगी घेऊन त्या खाटेखाटेपाशी गेल्या आणि एकच प्रश्न विचारत राहिल्या : हे दाबलं तर काय होईल?

भिंग पाहून एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर तपासायला येतील." दातेरी चाक पाहून दुसरे म्हणाले, "पलंग वर होत असेल. माझा बिघडलाय." आणि कोपऱ्यातल्या आजी घराच्या चित्रावरून हळूच बोट फिरवत म्हणाल्या, "हे दाबलं की घरी सोडतात. मी रोज दाबते गं. मुलाला निरोप मिळाला नसेल अजून."

रूप डोळ्यांना भेटते, नाम मनाला भेटते. रूपात रमणारा भक्तदेखील संकटात नावानेच हाक मारतो. मग तहानलेल्या जिवाला नुसत्या रूपाच्या भरवशावर का ठेवावे?

दुसऱ्या दिवशी ताई तीच स्क्रीन घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "चित्रांखाली शब्द घालायचे."

"तुम्हीच तर नको म्हणायचात. स्क्रीनची रया जाईल, ताई."

"जाऊ दे. साहेब, तुम्ही खाटेवर आहात, उठता येत नाही, तहान लागलीय. काय दाबाल?"

साहेबांचे बोट घंटेकडे निघाले आणि अर्ध्यावर थबकले. ते बोट मागे घेत म्हणाले, "सोमवारच्या आत होईल?"

ताईंनी घंटा नर्सच्या कामाला लावली आणि खाली लिहिले : नर्सला बोलवा. घराखाली आले : पहिले पान. सूचनांना कागदाचे चित्र मिळाले, नावासकट. रविवारी नवी स्क्रीन मामांसमोर आली.

मामांनी वाचले. बोट पुढे केले, मागे घेतले. "नकोच. कामात असतील."

"मामा, दाबा."

मामांनी दाबले. बाहेर पावले वाजली, दार उघडले आणि नर्सबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "काय आजोबा, रुसला होतात का? एवढ्या दिवसांत एकदाही बोलावलं नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला कोणी आलेलं आवडत नाही."

मामांनी पाणी मागितले. मग पाण्याचा पेला घेतला, दोन घोट प्यायले, घसा साफ केला आणि विचारले, "तुम्हाला जरा वेळ आहे ना?"