विम्याबाहेरचा नावाडी

कृष्णाकाठच्या आमच्या घाटावरून यल्लाप्पा भोई माणसं पैलतीरी नेत असे. अंगाने आडमाप, तोंडाने फटकळ. बाजारच्या दिवशी कुणी बकरी घेऊन नावेत चढला, की तो ओरडायचा, "बकरीला मधी घे रं, तू कडंला बस. ती पडली तर तुला घरात कोन घील?"

१९६५च्या दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या एका क्लबाने आमच्या घाटावर शाळकरी मुलांसाठी शिडाच्या होड्यांचं शिबिर काढलं. साताऱ्याहूनही मुलं आली. लढाई नुकतीच थांबली होती. पोरं धाडसी झाली पाहिजेत, असं क्लबाचे चिटणीस लालासाहेब भेटेल त्याला सांगत. मी तेव्हा मेकॅनिकलची पदविका घेऊन क्लबात होड्यांची दुरुस्ती बघत होतो.

मुलांचा विमा उतरवला होता, होड्यांचाही. कंपनीची एकच अट होती. होड्यांच्या मागे एक जाणता नावाडी आपली नाव घेऊन सतत हवा, नाहीतर विमा लागू नाही. म्हणून यल्लाप्पाला बोलावलं. शीड बघून तो म्हणाला, "होडीला धोतार नेसवलंय व्हय? वारं शिरलं की सुटंल बगा." मुलं खो-खो हसली.

आणि एके दिवशी वाऱ्यानेच घात केला. धरणातून पाणी सोडलेलं, धारेला ओढ होती. वाऱ्याचा झोत आला आणि एक होडी आडवी झाली. यल्लाप्पाने नाव आत घातली, एकेक मूल ओढून घेतलं. शेवटच्या मुलाचा पाय शिडाच्या दोरीत अडकला होता. तो सोडवताना उलटी होडी धारेबरोबर येऊन नावेवर आदळली आणि यल्लाप्पाचा उजवा हात मध्ये चेंगरला. डाव्या हाताने धरलेलं मूल त्याने सोडलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात त्याची तीन बोटं कापावी लागली. वल्हं हातात धरवेना.

त्या मुलाचा पाय मुरगळला होता, त्याचा खर्च कंपनीने दिला. फाटलेलं शीडही भरून मिळालं. ते कोरं शीड डोलकाठीला चढवताना मला त्याला काडी लावावीशी वाटत होती. यल्लाप्पाला काहीच मिळालं नाही. ज्याच्याशिवाय विमा लागू होत नव्हता, त्याचाच विमा नव्हता.

त्याची बायको मनुबाई क्लबाच्या कचेरीत आली. मागे पट्टी बांधलेला हात घेऊन यल्लाप्पा.

"लालासाब, फडक्याला विमा हाय आन् माज्या दाल्ल्याच्या हाताला न्हाई?"

"बाई, मी याला विचारलं होतं," लालासाहेब म्हणाले. "पहिल्याच दिवशी घाटावरून ओरडून विचारलं, 'यल्लाप्पा, नाव घालू का?' हा म्हणाला, 'नको, नको!' विम्याच्या यादीत यायला माणूसच नको म्हणतो, तर मी काय करू?"

यल्लाप्पा पट्टीचा हात सावरत पुढे आला.

"आवं, म्या धारंत हुतो! आमच्यात नाव घालायची म्हंजी पाण्यात घालायची. मला वाटलं, तुमी आनी येक नाव पाण्यात घालताय. पानी चढाय लागलं हुतं, म्हून म्हनलं, नगं!"

कचेरी हसली. खजिनदारांना तर ठसका लागला. लालासाहेबही हसले.

मी म्हणालो, "खाली उतरून, जवळ जाऊन नीट विचारायला काय झालं होतं?"

"चिखल होता," लालासाहेब म्हणाले.

मनुबाई म्हणाली, "हसा. लेकरं बुडाली असती मंजी बगितलं असतं कसं हसताय ते."

उन्हाळ्यात पुन्हा शिबिर भरलं. आता नाव यल्लाप्पाचा पुतण्या गुंडा चालवत होता. उद्‌घाटनाला मोठे पाहुणे आले, विम्याचे एजंटही आले. मुलं रांगेत उभी होती. यल्लाप्पा येऊन नावेत मधोमध बसला.

"गुंडाचं नाव यादीत लिवा. माज्या म्होरं. मग ह्यो वल्हं उचलंल."

"उद्या लिहू," लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "पाहुणे खोळंबलेत."

"मग होड्या बी उद्याच सोडा."

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. एजंट लगबगीने खाली आले, नाव लिहिलं, वाचून दाखवलं. लालासाहेबांनी घाम पुसला.

"झालं ना आता समाधान?"

"गुंडाचं झालं. माज्या हाताचं सांगा."

एजंट म्हणाले, झालेल्या अपघाताला मागून विमा लागू होत नाही.

"कंपनीचं ऱ्हाऊ द्या. मला कंपनीनं बोलावलं नव्हतं, तुमी बोलावलं हुतं. क्लब काय करतूय त्ये सांगा."

लालासाहेबांनी खजिनदारांकडे बघितलं, खजिनदारांनी नदीकडे. यल्लाप्पा नावेतून उठला नाही आणि गुंडाने वल्ह्याला हात लावला नाही. पाहुणे जेवायला निघून गेले. त्या दिवशी आमच्या घाटावरून एकही शीड निघालं नाही.