न मानवलेलं दूध

लेक सव्वा महिन्याची असताना तिच्या लंगोटावर पहिल्यांदा रक्ताचा धागा दिसला. मी बाळंतपणाला माहेरी, तंजावूरला आले होते. आधी वाटलं, कुंकू सांडलं असेल. आमच्या घरात कुंकू कुठेही सापडतं. पण दुपारी पुन्हा दिसलं, शेंबडासारख्या चिकट शीमध्ये मिसळलेलं. आई म्हणाली, "उष्णता असेल." आमच्याकडे तापापासून भांडणापर्यंत सगळ्याचं कारण उष्णता. मी तिचं काही ऐकून न घेता अप्पांना रिक्षा आणायला पिटाळलं.

मुलांच्या डॉक्टर तमिळ बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी लेकीचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं, मग शांतपणे म्हणाल्या, "तिला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी दिसते आहे." मी जवळजवळ हसलेच. गाईच्या दुधाचा थेंबही तिच्या तोंडात गेला नव्हता, ती फक्त अंगावर पीत होती. तेव्हा त्यांनी समजावलं की मी जे दूध-दही खाते त्यातला अंश माझ्या दुधात उतरतो, आणि एखाद्या बाळाच्या आतड्याला तो सोसत नाही. घाबरण्यासारखं नाही, पाजणं मुळीच थांबवायचं नाही. फक्त मी दूध, दही, ताक, लोणी, तूप सगळं बंद करायचं आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायची.

तंजावूरच्या घरात हे सांगणं म्हणजे मासळीला पाण्याबाहेर राहायला सांगण्यासारखं आहे. आमच्याकडे पहाट कॉफीने होते आणि जेवण दहीभाताने संपतं. त्यातून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मराठे, म्हणजे तमिळांचं ताक आणि मराठ्यांचं तूप, दोन्ही आमच्या माथी. पण आईने कंबर कसली. माझी फोडणी वेगळ्या कढल्यात, तिळाच्या तेलात. माझा भात वेगळा, माझी पळी वेगळी. अप्पा त्यांची कॉफी बाहेर ओट्यावर जाऊन प्यायला लागले, मला वास येऊन इच्छा होऊ नये म्हणून. मी कोरी कॉफी प्यायची आणि ती इतकी कडू लागायची की नवऱ्याला पुण्याला फोन करून उगाचच भांडायची. तो बिचारा म्हणायचा, "मी पण सोडू का दूध?" मी म्हणायचे, "तू सोडून काय उपयोग? तुझ्या अंगावर कोण पितंय?"

एवढं करूनही रक्त येतच राहिलं. रोज नाही, पण आता थांबलं म्हणून जरा हुश्श करावं तर पुन्हा तो धागा. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, बिस्किट? चॉकलेट? हॉटेलचं काही? गोळ्या कोणत्या? मी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सोयाबीन बंद करून पाहिलं, मग अंडं, जे आमच्या घरात येतच नाही. शेवटी म्हणाल्या, काही दिवस अशा बाळांसाठीचं, अ‍ॅलर्जी न होणारं डब्यातलं खास दूध देऊन पाहू, तोवर तुम्ही पंपाने काढत राहा, दूध आटू देऊ नका.

डब्यातल्या त्या दुधाला उकडलेल्या बटाट्याच्या पाण्यासारखा वास होता. लेकीने दोन दिवस आकांत केला, तिसऱ्या दिवशी प्यायला लागली. आणि रक्त थांबलं, पार थांबलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ मनात आलं, म्हणजे दोष माझ्याच दुधात होता, आणि मी आतून कोसळले. आठवड्याने डॉक्टरांच्याच सांगण्यावरून तिला पुन्हा अंगावर घेतलं, आणि दोनच दिवसांत तो धागा परत आला.

त्यानंतर बाटलीच कायम झाली. पापनाशमहून मावशी बाळ बघायला आली, बाटली पाहून आईला म्हणाली, "आईचंच पाल मानवलं नाही म्हणे? असं कधी ऐकलं नाही बाई." पाल म्हणजे दूध. आमच्या बोलीत निम्मे शब्द तमिळ असतात, पण वाक्य टोचायचं तिथे बरोबर टोचतं. मी आतल्या खोलीत पंप लावून बसले होते. सगळं ऐकू येत होतं. जे काढत होते ते मोरीत ओतत होते. रोज मोजून पाहिलं नाही, पण पेला भरेनासा झाला होता हे दिसत होतं. मला स्वतःच्या शरीराचा राग यायला लागला. जगातल्या सगळ्या मुलांना चालतं ते माझं माझ्या लेकीला विष का व्हावं?

या सगळ्या दिवसांत एक गोष्ट मात्र कधी चुकली नाही. सकाळी अनशापोटी आई लिंबाएवढा लेह्यमचा गोळा माझ्या हातावर ठेवायची. सुंठ, पिंपळी, ओवा, धणे आणि गुळाचं ते काळं, चिकट औषध आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला देतात. चाळीस दिवसांत संपायचं ते, माझा अशक्तपणा पाहून तिने चालूच ठेवलं होतं. त्याने अंग भरतं, दूध उतरतं. मी डोळे मिटून गिळायचे, वर गरम पाणी.

बरणी तळाला गेली तेव्हा आई नवं लेह्यम करायला बसली. सकाळची अकराची वेळ असेल. बाटली उकळायला ठेवावी म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. परातीत वाटलेल्या औषधांचा ढीग होता आणि आई त्यावर पातेल्यातून काहीतरी पांढरं ओतून कालवत होती.

"हे काय घालतेस, आई?"

"पाल की," ती वर न बघता म्हणाली. "पालात भिजवून उकडल्याबगर सुंठीचा दाह कसा जाईल?"

शेगडीच्या बाजूला तुपाचा डबा होता, अख्खा. पाक उतरताना त्यात तूप सुटेपर्यंत घालायचं असतं, हे तिने मला लहानपणी दहादा सांगितलं असेल, पण रोज गोळा गिळताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

"मागच्या खेपेलाही असंच केलंस?"

"असंच म्हणजे? अस्कीं असंच करतात, घरोघरी. माझ्या आईने माझ्यासाठी—" एवढं बोलून ती थांबली. हात परातीतच राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पण ते मरुंदु गं. औषध. ते खाणं कुठे आहे?"

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहवत नाही. माझी पळी वेगळी केलीस, कढलं वेगळं केलंस आणि रोज सकाळी आपल्या हाताने दूध-तूप चारलंस, असं काहीसं. अप्पा ओट्यावरून धावत आले आणि दारातच उभे राहिले. आईने परात उचलली, मागच्या दारी नेली आणि सगळं आळ्यात ओतलं. अहोरात्र माझ्यासाठी राबलेल्या बाईवर मी ओरडत होते हे मला कळत होतं. तरी राग आवरत नव्हता, कारण राग आवरला असता तर नुसतं रडूच उरलं असतं.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी गोळ्या विचारल्या, लेह्यम विचारायला हवं होतं. माझ्या बाळंतपणात मीही खाल्लं आहे." त्यांनी सांगितलं, ते बंद करा, पंप चालू ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाजून बघा.

मी जिवाचं रान केलं. दिवसभर पंप, मेथ्या, शेवग्याचा पाला, कोणी काय सांगेल ते. मुदत संपल्यावर लेकीला मांडीवर घेतलं. तिने माझ्याकडे टकामका पाहिलं, छातीला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा जवळ घेतलं तर धनुष्यासारखी ताठ झाली, रडून लाल झाली आणि बाटलीकडे हात केले. आम्ही अंधार करून पाहिलं, झोपेत पाहिलं, भुकेली ठेवून पाहिलं. तिला ते आता तिचं वाटत नव्हतं. आपलं मूल आपल्या अंगाला परकं समजतं, याच्यासारखं दुःख मी तोवर पाहिलं नव्हतं.

तेव्हा आई चांदीचं बोंडलं घेऊन आली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. म्हणाली, "काढ, किती येईल तेवढं. यातून पाजूं." जे निघायचं ते दोन घोटांचं असायचं. लेक बोंडल्यातून ते मुकाट प्यायची. आठवडाभर असं चाललं. रोज सकाळी आम्ही दोघी खिडकीच्या उजेडात लंगोट उलगडून बघायचो, एकमेकींकडे न पाहता. रक्त नव्हतं. एकदाही नव्हतं.

शेवटच्या दिवशी अर्धा तास पंप लावून बोंडल्याचा तळ जेमतेम ओला झाला. मी ते आईपुढे धरलं. ती म्हणाली, "तू पाज." मी म्हटलं, "नको. तूच पाज." तिने पदराने हात पुसले, नातीला मांडीवर घेतलं आणि ते थेंब तिच्या ओठांत सोडले. लेकीने मिटक्या मारल्या आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं. आई रिकामं बोंडलं तिच्या ओठांशी तसंच धरून बसली.