उद्याच्या भाताचा शब्द

तीन माणसं एकाच शब्दाच्या मागे लागली की किस्से साठवावे लागत नाहीत; शेतातल्या बोडीत पावसाचं पाणी साठतं तसे ते आपसूक साठतात. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सिरोंच्याला शाळामास्तर होतो. पत्नी, सुमती, गेल्याला वर्ष होत आलं होतं. शेजारचे पाद्री योहानभाऊ प्रभूची प्रार्थना तिथल्या बोलीत उतरवत होते. ईस्टरच्या रविवारी सगळ्या मंडळीनं ती पहिल्यांदा आपल्या भाषेत म्हणायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. मी त्यांच्या धर्माचा नव्हे. पण माझं मराठी बरं, म्हणून त्यांनी मला ओढून बसवलं. तिसरा गडी मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर राजन्ना. सगळी प्रार्थना झाली, 'आज आम्हांला भाकर दे' असं देवाला मागतात त्या ओळीतला एक शब्द तेवढा अडला!

* * *

तो शब्द अडला त्या दिवशी भर दुपारी योहानभाऊ शाळेच्या मैदानातून पळत आले. एक चप्पल पायात, एक हातात.

आमच्याकडे मोठा माणूस दुपारचा पळाला की मागे वाघ असतो, हे लहान पोरालाही कळतं. चपराशानं घंटा बडवली, पोरं आत घेतली, दारं लावली. पाद्रीसाहेब बाहेरच राहिले!

खिडकीच्या गजांना धरून ते धापा टाकत म्हणाले, "गुरुजी, एपिऊसियॉस! या प्रार्थनेबाहेर हा ग्रीक शब्द जवळपास कुठीच नाई! भाकरीच्या आधी बसला हाय, अन् पंडितांलेबी अर्थ ठाऊक नाई!"

चपराशी हळूच मला म्हणाला, "गुरुजी, वाघ नाई ना? मंग दार उघडू?"

* * *

पंडितांचे तर्क तीन. रोजची भाकर, जगण्यापुरती भाकर, किंवा येणाऱ्या दिवसाची भाकर. योहानभाऊंचा कल 'रोजची'कडे. राजन्ना जगण्यापुरतीच्या बाजूनं उभा राहिला, तो हटेना.

"पेशंटले लागते तेवढाच डोस," तो म्हणाला. "जास्त देला का उलटी."

योहानभाऊ चिडले. देवाच्या देण्यानं कोणाला उलटी होत नाही, असं त्यांनी सुनावलं. राजन्नानं शांतपणे विचारलं, "मागच्या नाताळात तुमाले काऊन झाली मंग?"

* * *

लोकांच्या कानाला कसं लागतं ते पाहावं, म्हणून योहानभाऊंनी गोदावरीवर चालत्या डोंग्यात ती ओळ म्हणून दाखवली. डोंगेवाल्यानं वल्हं थांबवलं.

"देवालेच मागाचं हाय तं भाकर काऊन? इथी भाकर खाते कोन? भात मागा. संग मासोळीबी मागा."

झालं! अर्धा डोंगा मासोळीच्या बाजूनं, अर्धा नुसत्या भाताच्या. वल्ह्याकडे कोणाचंच लक्ष नाही. घाट मागे राहिला, डोंगा खाली वाहत जाऊन रेतीला लागला. तापल्या रेतीतून सगळे परत चालले, तरी वाद सुरूच. मासोळी पडली, भात मात्र ठरला.

* * *

आता उरला तो एक शब्द. त्यापायी योहानभाऊंच्या घरी ताटं वाढून ठेवलेली आणि आम्ही तिघं ओसरीवर भांडतोय, हे रोजचंच झालं. त्यांच्या पत्नी रत्नाबाई दोनदा बोलावून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "सुटला का शब्द?"

"नाई अजून," योहानभाऊ म्हणाले.

"मंग आज तोच खा," म्हणून त्यांनी ताटं उचलली!

* * *

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी बैठक माझ्या ओसरीवर होती. 'येणाऱ्या दिवसाची' हा तर्क कोणालाच नको होता. जो प्रभू उद्याची चिंता करू नका म्हणतो, तो उद्याचं मागायला कसा लावील, असं योहानभाऊंचं म्हणणं. पण 'रोजचा' की 'जगण्यापुरता', तेही मिटेना. शेवटी ते थकून म्हणाले, "गुरुजी, तुमी बाहेरचे. तुमीच सांगा."

मी सांगितलं ते एवढंच. आमच्याकडे रात्रीचा उरला भात गाडग्यात पाणी घालून ठेवतात, उद्या सकाळच्या न्याहारीला. सुमती पहाटे गेली. घरात माणूस गेलं की शिजलेलं अन्न टाकतात, भरलेलं पाणी ओततात. मी नदीवरून परत आलो तेव्हा शेजारच्या बायांनी घर रिकामं केलं होतं. आंघोळ करून बसलो. तेवढ्यात रत्नाबाई मागच्या दारानं आल्या. पदराखाली आमचंच गाडगं.

"गुरुजी, हे तिनं राती तुमच्यासाठी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी फेकू देलं नाई."

मी तो भात खाल्ला.

योहानभाऊंना हे घरात कोणी सांगितलेलं नव्हतं. ते उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी चर्चबाहेरच्या चिंचेखाली उभा होतो. खिडक्या उघड्या होत्या. प्रार्थना त्या ओळीपाशी आली आणि योहानभाऊंचा आवाज थांबला. मग पहिल्यांदा रत्नाबाईंचा आवाज आला, आणि त्यामागून साऱ्या मंडळीचा:

"उद्याचा भात आमाले आजच दे."