स्वामी सिस्टर आणि आठ बाटल्या

फ्रीजमध्ये गोवराच्या लसीच्या आठ बाटल्या असताना मी स्वामी सिस्टरांना ‘एकही नाही’ म्हणून सांगितलं. हे कबूल केल्याशिवाय त्यांच्याविषयी काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. सरकारी दवाखान्यात मी नवा औषधनिर्माता, आणि लसीच्या फ्रीजची किल्ली माझ्या खिशात. स्वामी सिस्टर मूळच्या औशाच्या, बालविभागाच्या प्रमुख. घरी निघालेल्या लेकराचा सुट्टीचा कागद त्या कमरेला खोचून ठेवत आणि लस टोचल्याशिवाय देत नसत.

“बाई, यष्टी जाती की!” एखादा बाप काकुळतीला येई.

“जाऊ द्या. दुसरी येती. लेकराला हितं धरा.”

दुष्काळ होता. धुळीनं आणि उपासमारीनं वॉर्ड न्यूमोनियाच्या लेकरांनी भरलेला, एका खाटेवर दोन-दोन. खोकणाऱ्याला लस कशाला, बरं झाल्यावर आणतील, असं आम्ही सगळेच म्हणायचो. सिस्टर म्हणत, “ताप उतरला की टोचायचं. गेलेलं माणूस सुईसाठी परत येतं व्हय?”

एका बाटलीत दहा डोस. फोडली की काही तासांत संपवायची, उरलेली टाकायची. लस जुन्या जिल्ह्यातून उशिरा यायची, आणि वाया गेल्याबद्दल मला एकदा लेखी ताकीद मिळालेली. म्हणून माझा नियम होता: दहा लेकरं असतील तरच बाटली फुटेल. सिस्टर आवारातल्या टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांची लेकरंसुद्धा गोळा करून आणत. “दहा झाले! तुमच्या बाटल्यांना थंडी वाजत असंल भाऊ, काढा एक भाईर.”

त्या दिवशी मात्र एकच लेकरू होतं. मुक्ता, दीड वर्षाची. न्यूमोनियातून उठलेली. आईबाप दुसऱ्या दिवशी विष्णुपुरीला धरणाच्या कामावर निघालेले.

“एकीसाठी फोडा,” सिस्टर म्हणाल्या. “नऊ वाया गेले म्हणून लिहा. ही वाचली तर ते कुठं लिहिता, सांगा बरं?”

मला वाद नको होता. म्हटलं, “साठा संपलाय सिस्टर. बुधवारी येईल.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग कमरेचा कागद काढून मुक्ताच्या आईच्या हातात दिला. न टोचता दिलेला तो एकच कागद मी पाहिला.

बुधवारी नवा साठा आलाच नाही. पुढच्याच आठवड्यात दोन दिवस वीज गेली. आठही बाटल्या निकामी झाल्या. दवाखान्यामागच्या खड्ड्यात मी त्या टाकत होतो, तेव्हा सिस्टर व्हरांड्यात उभ्या होत्या. वाया गेलेल्या लसीबद्दल मला कुणी जाबही विचारला नाही.

दोन महिन्यांनी मुक्ताची आई एकटीच वॉर्डात आली. धरणावर गोवराची साथ आली होती. “अंगावर उठलं, मग छाती भरली,” एवढंच तिला सांगता आलं. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “औषध नव्हतं गं माय.” मी दारात उभा होतो. माझं खोटं त्यांच्या तोंडून ऐकत.

बोलायला मला वीस वर्षं लागली. निवृत्तीनंतर सिस्टर नांदेडला भाचीकडे राहत. दम्यानं दवाखान्यात दाखल आहेत असं कळलं, तेव्हा गेलो. नाकातोंडावर मास्क, छाती भात्यासारखी हलत होती.

“सिस्टर, त्या दिवशी बाटल्या होत्या.”

त्यांनी मास्क बाजूला केला. “ठाऊक हाय. खड्ड्यात टाकताना मोजल्या मी. आठ.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही सांगताल म्हणून वाट बघितली.”

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते ओढून घेतले. “माझी कशाला मागता माफी? तिच्या मायची मागा.”

“विष्णुपुरीला जाऊन आलो सिस्टर. मजुरांची वस्ती कधीच उठली. कुणाला नाव-गाव ठाऊक नाही.”

त्यांनी मास्क लावून दोन-चार श्वास घेतले, तो पुन्हा बाजूला केला. मग म्हणाल्या, “मग लेकराची तरी मागा. नाव ध्यानात हाय का?”

होतं. एवढ्या वर्षांत एकदाही ते मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

“मुक्ता,” मी म्हणालो, “बाटल्या होत्या. माझं चुकलं.”